उजनीच्या वर्दळीत रिमोटची सर्व्हे बोट: उतरवण्यापासून बाहेर काढण्यापर्यंत

उजनी धरणात गाळ किती साठला, जॅकवेलच्या (पाणी उपसायच्या विहिरीच्या) तोंडाशी खोली किती उरली, भीमेचं जुनं पात्र नेमकं कुठून जातं, ही मोजणी आता दीड मीटर लांबीची मानवविरहित बोट करते. दोन तराफे जोडलेला सांगाडा, मागे दोन मोटारी, पोटाखाली आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं सोनार, वर जीपीएस आणि कॅमेरा. बोटीवर कुणी नसतं. त्यामुळे ‘बुडली तर यंत्र बुडेल, माणूस तर नाही’ असं म्हणून लोक बिनधास्त होतात. पण त्याच पाण्यात चिलापी धरणारे असतात, ट्यूबवर बसून जाळं ओढणारे असतात, या काठाहून त्या काठाला माणसं आणि मोटारसायकली नेणाऱ्या होड्या असतात. वीस-पंचवीस किलोची बोट ट्यूबवरच्या माणसाला धडकली, तर बुडणारा तो असेल.

समुद्रातल्या जहाजमार्गांवर हाच प्रश्न मोठ्या आकारात आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१८ मध्ये स्वयंचलित जहाजांचा अभ्यास हाती घेताना त्यांचे चार स्तर केले. त्यातला तिसरा म्हणजे जहाजावर खलाशी नाही, नियंत्रण दुसरीकडून. आपली बोट याच प्रकारातली. धडक टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम धरणाला लागू करायला कुणी सांगितलेलं नाही, तरी ते पाठ असावेत. दोन बोटी समोरासमोर आल्यावर कुणी काय करायचं, याचं त्याहून चांगलं उत्तर अजून कुणी लिहिलेलं नाही.

आधी पाण्याची पातळी, मग नकाशा

उजनीत नवख्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. धरण शंभर टक्के भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. उपयुक्त साठा शून्यावर येतो तेव्हा ती ४९१.०३ मीटर असते. म्हणजे ‘उजनी शून्यावर’ ही बातमी येईपर्यंत पाणी ५.८ मीटर खाली गेलेलं असतं, आणि वजा पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात, ते आणखी उतरतं. ऑक्टोबरात ज्या भिंतीवरून बोट निवांत गेली, तीच भिंत मे महिन्यात बोटीचं पोट फाडते. या पाण्याखाली जुनी गावं आहेत. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की बाहेर येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण न दिसणाऱ्या विहिरींचे कठडे, घरांची जोती, वाळलेल्या बाभळी आणि पुलांचे अवशेष यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

म्हणून अडथळ्याची नोंद ‘तीन मीटर खोल’ अशी कधीच करू नका. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून लिहा. समजा, एका भिंतीचा माथा ४९०.४० मीटरवर आहे. धरण भरलेलं असताना तिच्यावर ६.४३ मीटर पाणी असेल. शून्य पातळीला ते फक्त ६३ सेंटीमीटर उरेल, आणि वजात भिंत उघडी पडेल. धरणाची रोजची पातळी जाहीर होते. निघण्याआधी तो आकडा घ्या आणि त्यातून अडथळ्याची उंची वजा करा. उत्तर दीड मीटरपेक्षा कमी आलं, तर त्या जागेभोवती ३० मीटर त्रिज्येचं कुंपण नकाशावर आखा.

याच सोबत परवानगीचं काम उरका. जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयाचं लेखी पत्र हवं, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायला हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या काठावरच्या मच्छीमार संस्थेच्या माणसांना आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष भेटायला हवं. जाळी कुठे टाकली आहेत, कधी उचलणार, होडी किती वाजता सुटते, हे कुठल्याही कागदावर मिळत नाही. वरून पाहण्यासाठी ड्रोन उडवणार असाल, तर त्याला २०२१चे ड्रोन नियम वेगळे लागू होतात. बोटीच्या परवानगीत ड्रोन बसत नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भिगवणकडच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, तिथून किमान २०० मीटर लांब राहा.

सोलापुरात बसून चालवायची का?

फोनचं नेटवर्क असलं की बोट सोलापूरच्या कार्यालयातूनही चालवता येते, आणि तसा मोहही होतो. आमचं स्पष्ट मत आहे की नियोजन, आकडे तपासणं, रेषा आखणं हे सगळं सोलापुरातून करावं, पण बोटीचा ताबा काठावरच्या माणसाकडेच असावा. फोनच्या नेटवर्कवरचं चित्र अर्ध्या ते एका सेकंदाने मागे असतं. नेटवर्कवर ताण आला की ते दोन-तीन सेकंद गोठतं, आणि गोठलेलं चित्र शांत पाण्यासारखंच दिसतं. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदासह घड्याळ कायम दिसू द्या. काटा थांबला, तर चित्र मेलं आहे असं समजायचं.

काठावर तीन माणसं लागतात. एक चालक, त्याची नजर पडद्यावर आणि हात रिमोटवर. दुसरा नजर ठेवणारा, त्याच्याकडे दुर्बीण आणि शिट्टी. तो पडद्याकडे पाहत नाही, फक्त पाण्याकडे पाहतो. तिसरा त्याच काठचा होडीवाला, लाइफ जॅकेट घालून, इंजिन तयार ठेवून. चालकानेच नजरही ठेवायची ही काटकसर करू नका. १९७२च्या नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या प्रत्येक साधनाने सतत पाहारा ठेवायला सांगतो, आणि बोटीवर माणूस नाही म्हणून त्यातून सूट दिलेली नाही.

बोलायची पद्धत आधी ठरवा: दिशा, काय आहे, अंतर, हालचाल. ‘डावीकडून होडी, चारशे, येतेय.’ चालकाने तेच मोठ्याने परत म्हणायचं. ‘ते बघ तिकडं’ यातून काहीच कळत नाही.

रेडिओ

दोन वेगळे मार्ग हवेत, आणि ते खरोखर वेगळे हवेत. हातातला रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर, तर आदेश आणि माहितीची देवाणघेवाण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. हा दुसरा पट्टा भारतात ठरलेल्या शक्तीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो. ऑनलाइन मिळणारे ९१५ मेगाहर्ट्झचे टेलिमेट्री (लांबून माहिती देणारे-घेणारे) संच स्वस्त असतात, पण ते अमेरिकेच्या नियमांसाठी बनवलेले आहेत. ते ९०२ ते ९२८ या पट्ट्यात उड्या मारतात आणि आपल्याकडच्या मोबाइल फोनच्या ८९० ते ९१५ या पट्ट्यात घुसतात. ते घेऊ नका. तिसरा मार्ग म्हणून फोनचं नेटवर्क फक्त चित्रासाठी ठेवा.

पाण्यावर रेडिओ जमिनीपेक्षा वेगळा वागतो. सरळ येणारी लहर आणि पाण्यावरून परावर्तित होऊन येणारी लहर काही ठरावीक अंतरांवर एकमेकींना मारतात. बोट ४०० मीटरवर असताना संपर्क तुटतो, ४५० वर परत जुळतो, आणि माणूस वायर सैल आहे का ते बघत बसतो. काठावर दोन अँटेना वेगवेगळ्या उंचीवर लावल्या की बहुतेक वेळा हा त्रास जातो. उंचीही हवी. एक किलोमीटर अंतरासाठी २.४ गिगाहर्ट्झला दोन टोकांच्या मधोमध सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, आणि ८६५ मेगाहर्ट्झला सव्वानऊ मीटर. तिवईवर दोन मीटरला लावलेल्या अँटेनाला ती मिळत नाही. काठचा उंचवटा शोधा किंवा सहा मीटरचा पाइप उभा करा. एवढं करूनही नजरेच्या पलीकडे, म्हणजे साधारण ८०० मीटरच्या पुढे, बोट नेऊ नका. तिथून पुढचं काम काठावर जागा बदलून करा.

संपर्क तुटल्यावर बोट काय करेल

या एका प्रश्नाचं उत्तर चोख असेल, तर बाकीच्या चुका सावरता येतात.

पहिली तपासणी रिमोटच्या रिसीव्हरची. अनेक रिसीव्हर विकत येतात तेच ‘शेवटचा आदेश धरून ठेवा’ या सेटिंगवर. म्हणजे पुढे जाण्याची कांडी दाबलेली असताना संपर्क तुटला, तर बोट तशीच पुढे जात राहते. बोट स्टँडवर ठेवा, मोटारी फिरवा, रिमोट बंद करा. दोन सेकंदांत पंखे थांबले नाहीत, तर बोट पाण्यात उतरवायची नाही. ही तपासणी रोज सकाळी करायची, एकदाच केली आणि झालं असं नाही.

पुढचं ऑटोपायलटमध्ये, म्हणजे बोट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत, ठरवायचं. त्याचं आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर बहुतेकांकडे असतं, त्यामुळे त्याच्याच भाषेत सांगतो. ‘होल्ड’मध्ये मोटारी बंद होतात आणि बोट वाऱ्याबरोबर वाहत जाते. ‘लॉइटर’मध्ये ती जागेभोवती थांबते, पण बॅटरी खाते. ‘आरटीएल’ म्हणजे निघालेल्या जागेकडे सरळ रेषेत परत. उजनीचा काठ बोटांसारखा आत-बाहेर आहे. सरळ रेषा जमिनीच्या सोंडेवरून, जाळ्यांवरून किंवा होडीच्या वाटेवरून जाऊ शकते. ‘स्मार्ट आरटीएल’ मात्र आल्या वाटेनेच परत येतं, आणि ती वाट मोकळी आहे हे बोटीने नुकतंच सिद्ध केलेलं असतं. म्हणून ‘स्मार्ट आरटीएल, नाही जमलं तर होल्ड’ हा पर्याय निवडा. साधा आरटीएल नको.

तरीही एक अडचण राहते. संपर्क तुटताच बोट अचानक वळून परत निघाली, तर मागून येणाऱ्या होडीवाल्याला ते अनपेक्षित असतं. जमत असेल तर लुआ या संगणकीय भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून दोन टप्पे करा. पहिले वीस सेकंद लॉइटर आणि पिवळा दिवा चालू, त्यानंतर परतीचा प्रवास, तोही निम्म्या वेगाने. परतीचा बिंदू काठावर न ठेवता काठापासून १५ मीटर आत पाण्यात ठेवा. नाहीतर बोट दगडांवर चढून पंखे फिरवत बसते.

बॅटरी

लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासाची बॅटरी धरली आणि ७० टक्केच वापरायची म्हटलं, तर २१ अँपिअर-तास हातात येतात. १.२ मीटर प्रति सेकंद वेगाला दोन्ही मोटारी मिळून १२ अँपिअर घेत असतील, तर पावणेदोन तास मिळतात. वेग १.५ केला तर लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या बॅटरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. व्होल्टेजवर लावलेली सूचना म्हणूनच उशिरा येते. खर्च झालेले अँपिअर-तास मोजणारा सेन्सर लावा. एक तृतीयांश जाण्याला, एक तृतीयांश येण्याला, एक तृतीयांश राखीव. जाताना वारा पाठीमागून असेल, तर येताना तो तोंडावर असणार आहे.

वेळ

सकाळी सहा ते दहा. दुपारनंतर वारा उठतो आणि मे महिन्यात वळवाचं वादळ पंधरा मिनिटांत येतं. २१ मे २०२४ रोजी उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तुमची रिकामी बोट आणायला होडीवाला त्याच वाऱ्यात जाणार असतो, हे विसरू नका. वारा ताशी १८ किलोमीटरच्या वर स्थिर झाला, किंवा पश्चिमेला काळं दिसलं, की बोट परत बोलवा. वादळात सापडलेली बोट सोडून द्यायची. ती दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी काठाला सापडते.

समोरून कुणी आलं तर

नियम असे आहेत. समोरासमोर आल्यावर दोघांनी उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे त्याने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने जो पुढे आहे त्याला सांभाळायचं. आमचा सल्ला याहून कडक आहे: मानवविरहित बोटीने कुणाकडूनही वाट मागू नये. होडीवाला तुमच्या बोटीच्या डोळ्यात पाहू शकत नाही, हाताने खूण करू शकत नाही, आणि तिने त्याला पाहिलं की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून नेहमी आपणच बाजूला व्हायचं, लवकर आणि ठळकपणे. दहा अंशांचं वळण समोरच्याला दिसतच नाही. वळायचं तर ६० अंश वळा, किंवा सरळ थांबा. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं करत राहिलात, तर समोरचा माणूस गोंधळतो आणि तोही तेच करू लागतो.

आता अंतराचा हिशेब. चित्राचा उशीर १ सेकंद, पाहाऱ्यावरच्याने ओळखून सांगायला ४, चालकाने ठरवायला ३, आदेश पोचायला १, बोट थांबायला ३, असे १२ सेकंद. समोरची इंजिनाची होडी ५ मीटर प्रति सेकंदाने आणि आपली १.२ ने येत असेल, तर या बारा सेकंदांत अंतर ७५ मीटरने घटतं. त्याची तिप्पट धरा, कारण पहिल्या प्रयत्नात काहीतरी चुकतंच. म्हणून ४०० मीटरवर सूचना, २५० मीटरवर कृती, आणि १०० मीटरच्या आत काही आलंच तर मोटारी बंद आणि शिट्टी. समुद्रातही हिशेब हाच, फक्त आकडे मोठे होतात. १५ नॉट वेगाचं जहाज एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, चार मिनिटांत कापतं, आणि ते तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

धडक होणार का हे ओळखायची जुनी खूण अशी: समोरच्याची दिशा बदलत नाही आणि अंतर घटतंय, तर धडक ठरलेली. पण कॅमेऱ्यावर ही खूण फसवते. आपली बोट लाटेवर डोलत डावी-उजवी होते, त्यामुळे पडद्यावर होडी सरकताना दिसते आणि ‘जाते ती बाजूने’ असं वाटतं. पडद्यावरच्या जागेत बोटीचा होकायंत्राचा कोन मिळवल्याशिवाय खरी दिशा कळत नाही. काठावरचा माणूस इथेच कामाला येतो. शिवाय रुंद भिंगाच्या कॅमेऱ्यात १०० मीटरवरची होडी ३०० मीटरवर असल्यासारखी लहान दिसते. ट्यूबवर बसलेला माणूस तर २० सेंटीमीटरच्या लाटेमागे पूर्ण लपतो. कॅमेरा पाण्यापासून किमान एक मीटर उंच हवा.

समुद्रात जहाजं एकमेकांना एआयएस यंत्रावर दिसतात; हे यंत्र जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवत राहतं. उजनीतल्या होड्यांवर ते नाही. आपल्या बोटीवर बसवून उपयोग नाही, आणि ‘पडद्यावर कुणी नाही’ म्हणजे पाण्यात कुणी नाही असं तर मुळीच नाही. त्यापेक्षा भगवा झेंडा, पिवळा लुकलुकणारा दिवा आणि दोन्ही बाजूंना दहा सेंटीमीटर उंचीच्या अक्षरांत ‘बोटीवर माणूस नाही, लांब राहा’ हे उपयोगी.

मोजणीच्या रेषा आखतानाही वर्दळ लक्षात घ्या. पात्राचे छेद काठापासून काठापर्यंत घेतात आणि होडीही काठापासून काठाला जाते, म्हणजे दोघांची वाट समांतर असते. होडीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंचे १५० मीटर वेगळे काढा आणि होडी बंद असते त्या वेळेत तेवढेच मोजा. ती वाट ओलांडायची तर काटकोनात, न थांबता. तिरकं जाणं म्हणजे वाटेवर जास्त वेळ राहणं.

जाळं आणि केबल

जाळं अडकल्याचं लक्षण असं: एका मोटारीचा करंट वाढतो, वेग मात्र घटतो आणि बोट एका बाजूला ओढली जाते. तत्काळ दोन्ही मोटारी बंद करा. मागे फिरवून सोडवायचा प्रयत्न करू नका, दोरा आणखी घट्ट बसतो. होडीने जा, मोटारीची वायर काढा, मगच पंख्याला हात लावा. जाळं कापायचं तर मालकाला विचारून आणि भरपाई देऊन. नंतर पंखा खोलून आतल्या सीलजवळ नायलॉनचा दोरा राहिला नाही ना ते बघा. तोच दोरा आठवड्याने सील फाडतो आणि मोटारीत पाणी शिरतं.

केबलची गोष्ट जास्त गंभीर आहे. पाणी उतरतं तसे शेतकरी मोटारी पुढे सरकवतात, आणि थ्री-फेज केबल थर्माकोलवर किंवा थेट पाण्यातून जातात. त्यांना जागोजागी जोड असतात. शेतीची वीज पाळीने येते, म्हणून काल मृत असलेली केबल आज जिवंत असते. केबलमध्ये अडकलेली बोट आणायला पाण्यात पाय टाकू नका, काठी घेऊन वाकूही नका. मोटारीचा मालक शोधा, स्टार्टर बंद करून फ्यूज काढून घ्या, आणि तो फ्यूज बोट बाहेर येईपर्यंत एकाच्या खिशात राहू द्या. काठापासूनचा ४० मीटरचा पट्टा ऑटोवर कधीच चालवायचा नाही, तिथे फक्त हाताने.

सराव

पहिल्या दिवशी उजनी नको. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर परवानगी घेऊन सुरुवात करा. पाणी मोकळं आहे आणि वारा खरा लागतो. सोलापूर शहरातल्या संभाजी तलावात जलपर्णी असली की ती पंख्यात जाते, आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी भाविकांची गर्दी असते. दोन्ही टाळा. सरावात मुद्दाम संपर्क तोडा, एक मोटार बंद करून एकाच मोटारीवर परत आणा, कॅमेरा झाकून फक्त पाहाऱ्यावरच्याच्या आवाजावर बोट काठाला लावा. होकायंत्रही तिथेच तपासा. बोट दोरीने बांधून पूर्ण शक्ती द्या. कोन पाच अंशांपेक्षा जास्त हलला, तर होकायंत्र बॅटरीच्या तारांपासून लांब, वर डोलकाठीवर न्या.

उजनीवरचं दिवसाचं काम संपलं की खुणेसाठी टाकलेले तरंगते डबे मोजून परत घ्या. ऑटोपायलटची नोंद त्याच दिवशी सोलापूरला पाठवा आणि संपर्क कुठे-कुठे तुटला ते नकाशावर उतरवा. नवीन सापडलेला प्रत्येक अडथळा त्या दिवशीच्या पातळीवरून उंचीत बदलून लिहा. आणि निघताना मच्छीमारांना सांगा, की बोट बाहेर काढली आहे, आता जाळी टाकायला हरकत नाही.